सासऱ्यांच्या डब्यातले चाकू: जुने खिशातले चाकू ओळखून, भाव ठरवून ऑनलाइन कसे विकावेत

माझे सासरे मुरगाव बंदरात नोकरीला होते. खनिज भरायला येणाऱ्या बोटींवरच्या खलाशांशी त्यांची ओळख व्हायची आणि जाताना कुणी ना कुणी काहीतरी हातात ठेवून जायचं. सासऱ्यांना खिशातल्या चाकूंची आवड होती हे हळूहळू सगळ्यांना ठाऊक झालं. ते गेल्यावर वर्षभराने सासूबाईंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. "जावईबापू, यांचं काय ते तुम्हीच बघा. मला आता घरात नकोत." आत त्रेचाळीस चाकू होते.

गोव्यात असे डबे पुष्कळ घरांत निघतात. कुणाचे आजोबा तारवटी म्हणजे बोटीवर नोकरीला, कुणाचे काका आखातात, कुणाकडे पोर्तुगीज काळापासूनची कपाटं. आमच्याकडची जुनी माणसं खिशातल्या चाकूला अजून 'कानिवेत' म्हणतात. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं झालं तर याच शब्दाने विचारा, "चाकू" म्हटलं तर ते स्वयंपाकघराकडे बोट दाखवतील.

तो डबा विकता विकता मला दीड वर्ष लागलं. त्यात जे शिकलो ते पहिल्यांदाच विकायला बसलेल्या माणसासाठी क्रमाने लिहितो.

सर्वांत आधी: काहीही घासू नका

मी पहिल्याच संध्याकाळी डब्यातला सर्वांत मळकट चाकू उचलला आणि पॉलिश पेपर घेऊन पातं लख्ख करून टाकलं. नंतर भिंगातून पाहिलं तेव्हा पात्याच्या मुळाशी एक तारा आणि शेजारी क्रॉस पुसटसा दिसला. तो इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू बनवणाऱ्या कंपनीचा छाप होता. अर्धा मीच पुसला होता. संग्राहक ज्याचे पैसे देतो ती गोष्ट बऱ्याचदा त्या पाव इंचात असते, आणि एकदा गेली की परत आणता येत नाही.

कार्बन स्टीलच्या जुन्या पात्यावर निळसर-राखाडी थर चढतो. तो गंज नव्हे. तो राहू द्यायचा, जाणकार तो बघून खूश होतात. काढायचा तो फक्त लालसर, भुसभुशीत गंज, आणि तोही हळूच: शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, रात्रभर थांबणं, मग बांबूच्या काडीने खरवडून मऊ सुती कापडाने पुसणं. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून चाकू चार-पाच वेळा उघडबंद केला की आतली जुनी घाण बाहेर येते. पाण्यात बुडवायचं नाही, धारही लावायची नाही. धार लावलेलं पातं म्हणजे कमी झालेलं पातं.

खोबरेल लावू नका, ही गोव्यातली हमखास चूक. हाताशी असतं म्हणून आपण लावतो, पण काही महिन्यांनी ते चिकट होऊन सांध्यात घट्ट बसतं. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं.

आपल्याकडची हवा हा वेगळाच शत्रू आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पोलादाचं काय होणार! चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खातं. म्यान वेगळं, चाकू वेगळा. प्रत्येक चाकू तेलाचा हात फिरवून पातळ सुती कापडात गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बघा.

आणखी एक. मुठीवरच्या पट्ट्या रंगीबेरंगी, लाटालाटांच्या नक्षीच्या प्लास्टिकसारख्या दिसत असतील आणि बोटाने जोरात चोळल्यावर कापरासारखा वास येत असेल, तर ते सेल्युलॉइड आहे. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारचे चाकूही गंजतात, आणि ते पेटही चटकन घेतं. असे चाकू वेगळे, मोकळ्या हवेत ठेवा. माझ्या डब्यातले दोन चांगले जर्मन चाकू अशाच एका शेजाऱ्याने खराब केले होते.

मग कायद्याची चाळणी

भाव काढण्याआधी हे काम उरका. विकताच येत नाही त्या वस्तूचा भाव शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

एक पट्टी घ्या आणि प्रत्येक पातं मोजा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. खिशातला साधा चाकू या मापाच्या कितीतरी आत असतो. पण डब्यात एखादा लांबलचक रामपुरी निघाला तर तो बाजूला काढा आणि आधी पोलीस ठाण्यात किंवा वकिलाला विचारा. ऑनलाइन टाकू नका.

बटण दाबताच सटकन उघडणारे चाकूही बाजूला. देशभर यांचे नियम एकसारखे नाहीत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार अशा यांत्रिक चाकूचं पातं ७.६२ सेंमी किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंमी किंवा त्याहून रुंद असेल तर त्यावर निर्बंध आहेत. परदेशातही तेच: ब्रिटनने १९५९ साली आणि अमेरिकेने १९५८ साली त्यांच्यासाठी वेगळे कायदे केले. नवख्याने या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुठी बघा. हस्तिदंत असेल तर तो चाकू विकायचा नाही. वारशाने आला, आजोबांचा आहे, शंभर वर्षांचा आहे, यातलं काहीही चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो व्यापार बंद आहे. हाड आणि हस्तिदंत यांतला फरक भिंगाने कळतो. हाडाच्या पृष्ठभागावर बारीक काळपट ठिपके आणि रेषा दिसतात, त्या मूळच्या रक्तवाहिन्यांच्या खुणा. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. बैलाच्या हाडाची मूठ असेल तर काळजी नाही.

सांबराच्या शिंगाच्या मुठी जास्त फसव्या. शेफील्ड, जर्मनीतलं सोलिंगेन आणि अमेरिका इथले कारखाने एकेकाळी भारतातून गेलेलं सांबराचं शिंग सर्रास वापरायचे, आणि परदेशी जाहिरातींत 'स्टॅग' हा शब्द अभिमानाने मिरवतो. आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री या कायद्यात अडकते. बघायचं असं: खऱ्या शिंगावरचे खोलगट चर वेडेवाकडे असतात आणि चाकूच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नसतात. हाडावर यंत्राने कोरून शिंगाची नक्कल केली असेल तर चर एकाच मापाचे, एकाच लयीत येतात. कासवाच्या कवचाची पिवळी-तपकिरी पारदर्शक मूठही याच यादीत. शंका असेल तर वन खात्याला दाखवा. माझ्या त्रेचाळीसांतले चार या चाळणीत अडले, ते आजही घरीच आहेत.

शेवटची चाळणी वयाची. चाकू शंभर वर्षांहून जुना असेल आणि त्याला कलेचं किंवा इतिहासाचं मोल असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: शंभरीच्या आसपासचा चाकू परदेशी गिऱ्हाइकाला विकायचा नाही. देशातल्या देशातही जुन्या वस्तूंचा नियमित धंदा करायचा तर परवाना लागतो. घरातला एक डबा मोकळा करणं आणि दुकान थाटणं यांत फरक आहे, तो विसरू नका.

छाप वाचायला शिका

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळदुरुस्तीवाले वापरतात तसलं. पातं अर्धं उघडा आणि जिथे ते मुठीत शिरतं तिथला सपाट भाग बघा. टॉर्चचा उजेड समोरून न पाडता अगदी तिरका पाडा, मग झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात. सगळी पाती बघा, कारण छाप बहुधा मुख्य पात्यावर असतो पण देशाचं नाव कधी कधी मागच्या बाजूला असतं.

नुसतं 'इंग्लंड' असं लिहिलं असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं तेव्हापासून हे लिहिणं सुरू झालं. 'स्टेनलेस' शब्द असेल तर १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रिअरलीने शेफील्डमध्ये ते पोलाद तयार केलं त्याच वर्षी. रॉजर्सच्या चाकूंवर तारा आणि माल्टीज क्रॉस यांच्या जोडीला मुकुट आणि राजाची आद्याक्षरं असतात: व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १९०१ पर्यंत, ई. आर. म्हणजे एडवर्ड राजा, १९०१ ते १९१०, जी. आर. म्हणजे जॉर्ज राजा, त्यानंतर. पण रॉजर्सच्या नावाची नक्कल एकोणिसाव्या शतकापासून होते आहे, त्यामुळे स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा.

ब्रिटिश लष्करी चाकूवर बाणाच्या टोकासारखी खूण असते, ती सरकारी मालाची. बऱ्याचदा शेजारी साल कोरलेलं असतं, मग वय शोधायचे कष्टच नाहीत. जाड पातं, डबा उघडायचं हत्यार आणि पाठीमागे दोरखंडाच्या गाठी सोडवायचा लांब सुळा, असा चाकू बंदराजवळच्या घरांत हमखास सापडतो. वास्कोत मी असे तीन पाहिले.

स्विस चाकूंच्या बाबतीत नावावरून काळ कळतो. कार्ल एल्सनरने कारखाना १८८४ साली काढला. आई वारल्यावर १९०९ मध्ये तिच्या नावावरून 'व्हिक्टोरिया' हे नाव आलं, आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. 'वेंगर' असं नाव असेल तर तो दुसऱ्या कारखान्याचा. ती कंपनी व्हिक्टोरिनॉक्सने २००५ मध्ये घेतली आणि पुढे वेंगर नावाचे चाकू बंद झाले, म्हणून त्यांना आता शोधणारे आहेत. लाल मुठीच्या चाकूत चिमटा आणि दातकोरणं जागेवर आहे का तेही बघा.

फ्रेंच ओपिनेलवर मुकुट घातलेला हात असतो. लाकडी मुठीच्या तोंडाशी फिरणारी धातूची कडी असेल तर तो १९५५ नंतरचा, नसेल तर आधीचा किंवा अगदी छोट्या मापाचा, कारण सर्वांत लहान मापांना कडी नसतेच. लाग्योल या फ्रेंच चाकूच्या नावाने आणि पाठीवरच्या माशीने मात्र हुरळून जाऊ नका. ते नाव कुणा एका कारखान्याचं नाही, कुणीही वापरतो, आणि अगदी स्वस्त मालावरही ती माशी बसलेली असते.

अमेरिकन केस कंपनीचे चाकू आपल्याकडे क्वचित येतात, पण आले तर मजा असते. १९७० पासून त्यांनी छापाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी करत गेले. सात ठिपके म्हणजे १९७३. बोटावर हिशेब होतो.

पोर्तुगालचे चाकू गोव्यात निघतात हे वेगळं सांगायला नको. लाकडी मुठीचे, साधे, कामाचे. बाहेर त्यांना मोठा भाव नसतो, पण गोव्यातल्या घरातून निघालेल्या चाकूची ती हकीकत गोव्याशी नातं असलेल्या गिऱ्हाइकाला हवी असते. त्या चाकूसोबत घराची माहिती लिहून द्या: कुठल्या गावचं घर, साधारण केव्हापासून. कागद खोटा बनवू नका, जेवढं माहीत तेवढंच.

चांदीच्या पात्याचा, शिंपल्याच्या मुठीचा नाजूक चाकू सापडला तर तो फळं सोलायचा. पात्यावर चालता सिंह असेल तर चांदी खरी, आणि शेजारी मुकुट असेल तर शेफील्डची, १९७५ च्या आधीची. याचा भाव सोनाराकडे वजनावर करू नका.

अवस्था: प्रामाणिकपणे चार ओळी

प्रत्येक चाकूला एक पान द्या. वहीत क्रमांक, छाप, मोजमाप आणि अवस्था.

पातं किती उरलं आहे हे सर्वांत महत्त्वाचं. वर्षानुवर्षं धार लावली की पातं अरुंद होतं. चाकू बंद करून बघा: टोक मुठीत खूप खोल गेलं असेल, किंवा पातं उघडायला नख घालायची खाच धारेच्या फार जवळ आली असेल तर पातं बरंच खाल्लं गेलं आहे. मग आवाज ऐका. चांगली स्प्रिंग उघडताना आणि मिटताना 'कट्' असा ठाम आवाज देते. ढिली स्प्रिंग मुकी असते. पातं उघडून डावीउजवीकडे हलवा, डुगडुगत असेल तर लिहा. मुठीच्या पट्ट्यांना चिरा, रिव्हेटजवळची भेग, बदललेला एखादा भाग, तेही लिहा. एका चाकूचं पातं बदललेलं आहे हे मला गिऱ्हाइकाने दाखवलं, तेव्हा फार वाईट वाटलं. मी फसवलं नव्हतं, पण पाहिलंही नव्हतं.

भाव

इथे बहुतेक सगळे चुकतात, आणि चूक एकच असते. ऑनलाइन जाऊन तसाच चाकू शोधतात, त्यावर लिहिलेली किंमत बघतात आणि तीच आपली धरतात. ती मागितलेली किंमत आहे. एखादा चाकू पंचवीस हजारांना दोन वर्षं पडून असू शकतो. तुम्हाला हवी आहे ती मिळालेली किंमत.

ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, पण परदेशी संकेतस्थळ इथून बघता येतं. शोध घेतल्यावर गाळणीत (फिल्टरमध्ये) 'सोल्ड आयटम्स' निवडा. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या चाकूंची यादी येते. तिथे आपल्या चाकूसारखेच किमान पाच शोधा: तोच छाप, तेवढीच पाती, तीच मूठ. सारखे सापडत नसतील तर जवळचे घ्या, पण कुठे फरक आहे ते वहीत लिहा.

समजा, तुमच्या दोन पात्यांच्या शेफील्ड चाकूसारखे पाच विकले गेले, रुपयांत ३,२००, ३,६००, ४,१००, ४,४०० आणि ९,५००. सरासरी काढू नका, त्या ९,५०० ने ती फुगेल. तो मूळ खोक्यासकट होता किंवा दोन हट्टी माणसं लिलावात भिडली असतील. मधली किंमत धरा, ४,१००. आता तुमचा चाकू त्या मधल्या चाकूशेजारी मनात ठेवा. त्याचं पातं पूर्ण आहे, तुमचं थोडं झिजलेलं. मी अशा वेळी पाचवा हिस्सा कमी करतो. स्प्रिंग ढिली असेल तर आणखी. पातं टोकाला तुटलं असेल किंवा बदललेलं असेल तर निम्म्याहून खाली या. तर ३,२०० च्या आसपास आलात.

मग भारतातलं गिऱ्हाईक आणि परदेशातलं गिऱ्हाईक यांचा विचार. इथे जुन्या चाकूंचे जाणकार कमी, म्हणून भाव थोडा उतरतो. पण इथल्या संग्राहकाला तोच चाकू परदेशातून मागवायचा तर टपाल, कस्टम आणि वाट बघणं हे सगळं आलं. तुमच्याकडून घेताना ते वाचतं. त्यामुळे फार खाली जायचं कारण नाही. माझा अनुभव असा की छाप नीट दाखवला आणि अवस्था खरी लिहिली की गिऱ्हाईक भावावर कमी भांडतं.

शेवटी तळाची किंमत ठरवा, ज्याच्या खाली तुम्ही जाणार नाही, आणि ती वहीत लिहा. वरच्या उदाहरणात तळ ३,००० ठेवला तर जाहिरातीत ३,५०० लिहा. संकेतस्थळाचं कमिशन, खोकं आणि पार्सलचा खर्च आधीच धरा. पार्सल गिऱ्हाइकाकडून वेगळं घ्यायचं असेल तर जाहिरातीतच तसं म्हणा. सौदा ठरल्यावर वाढवलेले दीडशे रुपये माणसाला पाचशेंसारखे टोचतात.

सगळा डबा एकगठ्ठा विकू नका. मला म्हापशात एका व्यापाऱ्याने डबा न उलगडताच एक आकडा सांगितला होता. नंतर त्या आकड्याहून जास्त पैसे मला फक्त पहिल्या तीन चाकूंनी दिले. चांगले आठ-दहा एकेकटे विका. मधले दोन-दोन, तीन-तीन जोडून, एकाच देशाचे किंवा एकाच प्रकारचे. उरलेले गंजके, तुटके, ते 'दुरुस्तीसाठी आणि सुट्या भागांसाठी' म्हणून एक गठ्ठा. त्यांनाही गिऱ्हाईक असतं, कारण कुणाला तरी एक स्प्रिंग किंवा एक पट्टी हवी असते.

फोटो

गोव्याचा पावसाळा इथे मात्र मदतीला येतो. ढगाळ दुपारी, बाल्कांवच्या म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या सोप्यावर, उन्हाविना पण भरपूर उजेडात काढलेला फोटो कुठल्याही दिव्यापेक्षा चांगला येतो. फ्लॅश नको, पातं पांढरं पडतं. खाली राखाडी किंवा फिका सुती कपडा. नक्षीची चादर नको.

प्रत्येक चाकूचे किमान आठ फोटो: मिटलेला दोन्ही बाजूंनी, उघडा दोन्ही बाजूंनी, पाठ, पट्टी शेजारी ठेवून एक, छापाचा अगदी जवळून एक आणि दोषाचा एक. दोषाचा फोटो लपवायचा नाही, उलट मोठा काढायचा. हातात चाकू धरून, पातं कॅमेऱ्याकडे करून फोटो काढू नका. वस्तू शस्त्रासारखी दिसली की जाहिरात उडते. शिवाय उघडबंद करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ तयार ठेवा, मागितला तर आवाजासकट पाठवता येतो.

मजकूर साधा. छापावरची अक्षरं जशीच्या तशी, पात्याची लांबी आणि मिटलेली लांबी सेंटीमीटरमध्ये, पाती किती, मूठ कशाची, दोष कोणते, चाकू तुमच्याकडे कसा आला. 'दुर्मिळ' हा शब्द तुम्ही स्वतः पाचसात विक्री तपासल्याशिवाय लिहू नका. मुठीचं द्रव्य नक्की माहीत नसेल तर 'हाडासारखं दिसतं' म्हणण्याऐवजी आधी खात्री करून घ्या.

कुठे विकायचं

फेसबुक मार्केटप्लेसवर शस्त्रांना बंदी आहे आणि खिशातला चाकूही त्यात सहज धरला जातो. माझ्या दोन जाहिराती एका दिवसात निघाल्या. आधी त्या त्या संकेतस्थळाचे नियम वाचा, आणि नाव बदलून, 'जुनी वस्तू' म्हणून चोरपावलाने टाकू नका. खातं बंद होतं आणि पुढचं सगळंच अडतं. देशी जाहिरातींची संकेतस्थळं, जुन्या वस्तूंचे ऑनलाइन लिलाव आणि संग्राहकांचे गट, हे तीन मार्ग आहेत. नवख्यासाठी संग्राहकांचा गट सर्वांत चांगला. तिथे आधी महिनाभर नुसतं वाचा, इतरांचे भाव बघा, मग एक मध्यम चाकू ठेवा. सर्वांत चांगला आधी ठेवू नका.

हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरून या, विकायला नाही तर बघायला. तिथे कोणता माल किती मागतात ते कळतं. पण बाजारात चाकू खिशात घालून फिरू नका. निवडणूक किंवा जमावबंदी असताना तर नाहीच. गिऱ्हाइकाला समोरासमोर भेटायचं असेल तर दिवसा, गजबजलेल्या ठिकाणी, आणि चाकू मिटून, कापडात गुंडाळून, खोक्यात बंद. वय विचारायला लाजू नका. अठराखालच्या मुलाला मी विकत नाही, कितीही पैसे देवो.

परदेशी विक्री सुरुवातीला टाळाच. आयात-निर्यात क्रमांक, कस्टमचे कागद, समोरच्या देशाचे चाकूंचे कायदे आणि वर सांगितलेली चाकूच्या वयाची अट, एवढं सगळं पहिल्या खेपेला झेपत नाही.

पैसे आणि पार्सल

गिऱ्हाईक क्यूआर कोड पाठवून "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. सैन्यात आहे, बदली झाली आहे, गाडी पाठवतो असं सांगणाऱ्यांपासूनही सावध. फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवता बँकेच्या खात्यात रक्कम बघूनच चाकू पाठवा.

पार्सल पाठवायला कुरिअरच्या खिडकीवर जाऊन आधी विचारा, 'जुना घडीचा चाकू पाठवायचा आहे, घेता का?' काही कुरिअरवाले घेत नाहीत, काही घेतात. घेतात त्यांच्या फॉर्मवर 'जुना घडीचा चाकू' असंच लिहा. 'भेटवस्तू' लिहून पाठवलेलं पार्सल वाटेत अडलं तर भरपाईही मिळत नाही आणि बोलायला तोंडही उरत नाही.

बांधणी अशी: पात्यावर तेलाचा हात, चाकू मिटलेला, त्याभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी आणि रबरबँड, म्हणजे वाटेत उघडणार नाही. रबर थेट चाकूला लावू नका, डाग पडतात. मग प्लास्टिकची पिशवी, आत सिलिकाची एक पुडी, मग फुग्यांचं प्लास्टिक, मग कडक खोकं. हलवून बघा, आत आवाज येता कामा नये. बांधताना फोटो काढा, वजनाची पावती जपा, महाग चाकूचा विमा उतरवा.

पोचल्यावर गिऱ्हाईक तक्रार करेल तर आधी आपली वही आणि दोषाचा फोटो काढा. जाहिरातीत लिहिलेला दोष असेल तर शांतपणे दाखवा. लिहायचा राहिला असेल तर परत घ्या, जाण्यायेण्याचा खर्च आपला. पात्यासंबंधीच्या त्या एका चुकीत मी तसंच केलं, आणि त्याच माणसाने पुढच्या महिन्यात माझ्याकडून लष्करी चाकू घेतला.

तो घासलेला रॉजर्स शेवटी विकला. जाहिरातीत पहिल्या ओळीतच लिहिलं होतं, 'पातं पॉलिश पेपरने घासलं गेलं आहे, छाप अर्धवट दिसतो', आणि छापाचा जवळून काढलेला फोटो सर्वांत आधी लावला होता. पुण्याच्या एका माणसाने तो फळं कापायला म्हणून घेतला, ठरवलेल्या तळाच्या किमतीत. सासूबाईंना त्या पैशांचा हिशेब दिला तेव्हा त्यांनी वहीतलं ते पान मागून घेतलं आणि देवघरातल्या पोथीत ठेवलं.